चार नंबरची खोली आणि न उघडलेली बाटली

४ जानेवारी, सोमवार

गुरुवारपर्यंत चार नंबर रिकामी कर — एवढंच! मालकिणीने, दोन्या ओतिलियाने, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एकोणीस वर्षं मी तिच्या चादरी धुतेय. पाइपातलं पाणी गोठलं की पहाटे चूल पेटवून पाहुण्यांना बादल्या भरून देतेय. या पोसादाच्या पाहुण्यांना द्यायच्या सहा खोल्या, अंगण, जिना, सगळं माझ्या हातांनी घासलेलं. आणि मला सांगायचं कसं, तर माळ्याला फांदी तोड म्हणतात तसं! कारण विचारलं तर म्हणे, ‘सांगितलं ना.’

कारण मला माहीत आहे. चार नंबरमध्ये पाहुणे नाहीत, आमची माणसं आहेत. माझी कुमाले रोमिन आणि तिची पोटुशी लेक लोशा. लोशाच्या बाप्तिस्म्याला मी तिला हातांवर घेतलं, तेव्हापासून रोमिन आणि मी कुमाले. सख्ख्या बहिणीला सांगणार नाही ते एकमेकींना सांगतो. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, रक्तदाब चढलाय, बाळंत होईपर्यंत शहर सोडायचं नाही, दुखायला लागलं की लगेच यायचं. त्यांच्या वाडीवरनं दुपारी चारनंतर गाडी नाही. मग राहायचं कुठे? दवाखान्याच्या भिंतीला. पुठ्ठ्यावर. आमची सगळी माणसं तिथंच पडलेली असतात. जानेवारीत! सकाळी कौलं पांढरी झालेली असतात गोठून.

आता माझी चूक. ती पण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा व्हायला नको.

शनिवारी बाजारातून साबणाचं पोतं पाठीवर घेऊन आले. घसा कोरडा. दारात या दोघी बसलेल्या. रोमिनने नारंगी सोड्याची बाटली पुढे केली. मी घेतली आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायले. अर्धी संपली तेव्हा बघितलं — ही गुडघे टेकून बसलीय! मागणं घेऊन आलीय! बाटली घेऊन आलेल्याचं आधी सगळं ऐकायचं असतं. जमणार नसेल तर बाटली तशीच परत द्यायची, नीट, वाईट न बोलता. एक घोट घेतला की शब्द दिला. मग ती पोश, आपली उसाची दारू, असो की नारंगी सोडा. शेंबड्या पोरालाही हे कळतं. मला बावन्नाव्या वर्षी कळलं नाही!

‘कुमाले, अगं मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही,’ रोमिन म्हणाली. हसू दाबत होती मेली.

‘बोल आता. प्यायले ना!’

मग तिने मागणं सांगितलं आणि मी चार नंबरची किल्ली काढून दिली. मालकिणीला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. गावाकडच्या माणसांना पाहुण्यांच्या खोल्या द्यायच्या नाहीत, हा तिच्या आईपासूनचा नियम.

पाहुण्यांची नावं लिहायच्या वहीत हे मागल्या बाजूने लिहितेय. तिसरीपर्यंतच गेले शाळेत. तरी लिहिते. नाहीतर कुणावर तरी बादली फेकेन.

५ जानेवारी

लोशाचे पाय सुजून पावासारखे झालेत. वहाणा चढत नाहीत. रोमिनने स्वतःची शाल फाडून पट्ट्या पायांना गुंडाळल्या.

६ जानेवारी, बुधवार

तीन राजांचा सण. फाउस्तो आला. दोन्याचा पुतण्या, खाली तुश्त्ला शहरात वकील आहे. एका हातात सणाचा गोल पाव, दुसऱ्या हातात मोजायची फीत. पाव टेबलावर ठेवला आणि फीत घेऊन निघाला खोल्या मोजत! जिना मोजला, अंगण मोजलं. चार नंबरचं दार न वाजवता उघडलं. लोशा पलंगावर पाय वर करून पडलेली, ती घाबरून उठायला लागली.

‘इथे कोण राहतंय?’

‘माणसं,’ म्हटलं.

‘खोलीला धुराचा वास येतोय, पाश्कू.’

‘तुमच्या सिगारेटचा असेल.’

‘हे हॉटेल आहे की धर्मशाळा? यांना सवय असते बाहेर झोपायची. उगाच लाड करतेस.’

‘तुम्ही एकदा झोपून बघा पुठ्ठ्यावर. मग बोलू सवयीचं.’

दोन्या मागे उभी होती. वाटलं, आता मला तरी झापेल किंवा त्याला तरी. काही नाही. भिंतीवरचा पोपडा नखाने काढत बसली. हिच्या जिभेला झालंय काय? एरवी चमचा इकडचा तिकडे झाला तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

मग पाव कापला. दोन्याच्या तुकड्यात बाहुली निघाली. मी पाहिली! पांढरं प्लास्टिकचं बाळ, अंगठ्याएवढं. ज्याला निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खायला घालायचे. दोन्याला निघाली की घालतेच. तीन पातेली लागतात, वाफेने अंगण भरून जातं, पाहुणेसुद्धा मक्याची पानं सोलायला बसतात. यंदा बाईने बाहुली गुपचूप स्वेटरच्या खिशात टाकली. वर विचारते, ‘कुणाला निघाली गं?’

कंजूष! तामाल्यांवरून पण कंजूषपणा आता!

७ जानेवारी, गुरुवार

सकाळीच बादली आणि पोछा घेऊन चार नंबरच्या दारात बसले. म्हटलं, काढा आता. मला ओलांडून जा आणि काढा.

दहाच्या सुमाराला आली. हातात किल्ल्यांचा जुडगा. आत लोशा उभी राहायला बघत होती, भिंत धरून. दोन्याने तिच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी दारातच बसलेले, पोछ्याचं पाणी मांडीवर गळतंय.

गेली! जुडगा हातात तसाच घेऊन गेली.

दुपारी मी चादरी पिळत होते तर दगडापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता सांगणार. तर विचारते काय? ‘तुमच्या गावात पहाटे इथल्याइतकीच थंडी असते का?’

‘जास्त,’ म्हटलं. ‘आम्हाला सवय असते!’

फाउस्तोचेच शब्द तोंडावर मारले तिच्या. मान हलवून गेली. म्हणजे आता थंडीवरून टोमणे!

८ जानेवारी

एक परदेशी पोरगी आली, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. खोली बघितली, गादी दाबली, नळ सोडून बघितला. मग म्हणते, छान आहे, पण जिथे खरे माया लोक राहतात अशी एखादी जागा आहे का या शहरात?

म्हटलं, आहे ना. दवाखान्याची मागची भिंत. पुठ्ठा आपला आपण आणावा लागतो.

हसली. मी गंमत केली असं वाटलं तिला. दोन नंबर दिली.

९ जानेवारी, शनिवार

आज डोकं फिरलं होतं, पण हात जोडले. आधी डोकं का फिरलं ते.

मी कॉफी घेऊन गेले तर दोन्या कपाट उघडून बसलेली. काचेच्या बरण्या, जुने फोटो, आईच्या चांदीच्या कंगव्यांची पेटी, सगळं पलंगावर मांडलेलं. मला म्हणते, ‘पाश्कू, तू बांधलंस ना घर गावात. संडास आत आहे की बाहेर?’

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन खोल्या बांधल्यात मी, विटांच्या, पत्र्याच्या छपराच्या. माझा नवरा उत्तरेला जातो म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्याने एक वीट दिलेली नाही. माझ्या या हातांच्या विटा आहेत त्या. आणि ही संडास विचारते!

‘बाहेर,’ म्हटलं. ‘आमच्या लोकांना वास सहन होतो.’

‘लांब आहे का?’

कप आपटून बाहेर आले.

अंगणात बसून राहिले मग. रोमिन शेजारी येऊन बसली. म्हणाली, ‘भांडून खोली मिळायची असती तर तुला एव्हाना अख्खं शहर मिळालं असतं, कुमाले. रीतीने माग.’

‘कश्लान बाई ती, आपल्यातली नव्हे, तिला रीत काय कळणार? तिच्या आईने आपल्या लोकांना फुटपाथवरून खाली ढकललंय. फुटपाथ त्यांचा, गटार आपलं.’

‘ती आई. ही ओतिलिया.’

मग मी माझ्या खोलीतनं पोशची बाटली काढली. गावातल्या घरासाठी ठेवली होती. नव्या घराला जेवण घालायचं असतं. चारही कोपऱ्यांत कोंबडीचा रस्सा, पोश ओतायची, नाहीतर उपाशी घर आपल्यातलंच एखादं माणूस घेतं. माझं घर तीन वर्षं उपाशी आहे. मी तिथे राहायला गेलेच नाही तर जेवण कुठलं! असो. टोपलीत पाव ठेवले, वर बाटली, जांभळी भरतकामाची शाल घातली आणि दोन्याच्या खोलीत जाऊन गुडघे टेकले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळं बोलले. न ओरडता. लोशाची तर खोली राहू द्याच, पण यापुढेही चार नंबर आमच्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांसाठी ठेवा. एकच खोली. पाच तुमच्या पाहुण्यांना, एक आमच्या. पोछा, चादरी, सगळं मी करीन.

दोन्याने ऐकलं. पुरतं ऐकलं, ते खरं. बाटलीकडे बघितलं. डोळे लाल होते तिचे, सर्दी झाली असणार.

‘ठेव तिथे,’ म्हणाली.

प्यायली नाही. परत पण दिली नाही.

१० जानेवारी

बाटली कपाटावर. बूच तसंच.

११ जानेवारी

तशीच! धूळ झाडायच्या निमित्ताने तीनदा जाऊन बघितली. माणसाने हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. हे मधलं लटकणं मला जमत नाही. तुरुंग परवडला.

लोशाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणे. डॉक्टरीण म्हणाली, डोकं दुखलं की धावत या. धावत! त्या पायांनी!

१२ जानेवारी, मंगळवार

सगळंच गेलं.

फाउस्तो दोन माणसं घेऊन आला. चकचकीत बूट, हातात कागदाची गुंडाळी. चार आणि पाचमधली भिंत पाडायची म्हणे, तिथे आडवं पडून अंघोळ करायचा टब येणार. माझ्या धुण्याच्या दगडाच्या जागी दारू प्यायची उंच खुर्च्यांची जागा. दगडावर हात ठेवून तो बूटवाला म्हणाला, हा राहू द्या, जुनी शोभा आहे. मी शेजारी उभी, हाताला साबण. मी शोभेत नव्हते.

फाउस्तो मला म्हणाला, ‘बरं झालं भेटलीस. वीस तारखेपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या. तुझीसुद्धा.’

वीस तारीख! सान सेबास्तियान संताच्या जत्रेचा दिवस. गाव तिकडे नाचणार आणि मी इकडे गाठोडं बांधणार.

‘दोन्याला विचारते,’ म्हटलं.

‘विचार की. घर माझ्या नावावर आहे.’

धावत गेले. दोन्या खुर्चीत. ‘खरं आहे का?’

‘नोव्हेंबरात सही केली,’ ती म्हणाली. ‘छपराच्या दुरुस्तीचा कागद आहे म्हणाला. चष्मा नव्हता डोळ्यावर. वाचला नाही मी.’

‘वाचला नाही? तुम्ही? नन्सच्या शाळेत बारा वर्षं शिकलेल्या?’

‘माझ्या भावाचा मुलगा आहे तो, पाश्कू. त्याचं काय वाचायचं?’

गुरुवारचं सांगणंही त्याचंच होतं, तिचं नव्हतं. ते आता सांगते! मी म्हटलं, मग माझी बाटली आठ दिवस कपाटावर कशाला ठेवता, ज्या खोलीवर तुमचा हक्कच नाही तिच्यासाठी? आठ नव्हे, तीन दिवस झालेत. रागात आठ म्हटलं.

मला कीव यायला हवी होती. नाही आली. तिला काय, तुश्त्लाला पुतण्याचा दुमजली बंगला आहे, पंखे आहेत, बागेत आंबा आहे. जाईल तिकडे आणि खाईल आंबे. भिंतीला आम्ही जाणार. मी एकोणीस वर्षांनी, लोशा पोट घेऊन.

रोमिनला सांगितलं. ती म्हणाली, ‘वीसला अजून आठ दिवस आहेत. बाळाला मी सांगते घाई कर म्हणून. तुझ्यासारखं निघालं तर ऐकेल.’

१४ जानेवारी, गुरुवार

मुलगी झाली! काळी कुळकुळीत, केस मानेपर्यंत, ओरडते अशी की मीच वाटते.

सगळं नीट लिहिते. दुपारचा एक. मी बाजारात गेलेले, कोळसा संपला होता. रोमिन दवाखान्यात रांगेत, गोळ्यांसाठी. लोशा एकटी खोलीत. तिने हाक मारली, डोकं फुटतंय म्हणून. दोन्याने ऐकली.

मी परत येत होते तेव्हा वरच्या गल्लीच्या वळणावर बघितलं. आधी ओळखलंच नाही. लोशा फुटपाथवरून चाललीय, दोन्याची काळी लोकरी शाल तिच्या खांद्यावर, आणि तिला काखेत धरून दोन्या. पण दोन्या खाली. रस्त्यावर. फुटपाथ हातभर रुंदीचे आमच्याकडे, दोघी मावत नाहीत. मोटारी भोंगे वाजवतायत, बाई गटाराच्या कडेकडेने घरातल्या सपातांत चाललीय, दुखरा गुडघा ओढत, आणि मोटारवाल्यांना शिव्या घालतेय. अशा शिव्या की मीही ऐकल्या नव्हत्या!

कोळसा तिथेच टाकला आणि दुसरी काख धरली.

दवाखान्यात दारातनंच आत घेतलं. लोशाला झटके यायला लागले होते. कापून काढलं बाळ. डॉक्टरीण बाहेर आली, तिने विचारलं, कुठून आणलंत? रोमिन म्हणाली, इथून, दहा मिनिटांवरून, पोसादातून. डॉक्टरीण म्हणाली, वाडीवरून आणलं असतं तर दोघी गेल्या असत्या.

रोमिन तिथेच फरशीवर बसली. दोन्या तिच्या शेजारी बसली, फरशीवरच. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी आत लोशाजवळ होते, काय बोलल्या ते कळलं नाही. दोनदा रोमिनने हाताने बाटली धरल्यासारखं केलं, ते काचेतून दिसलं.

कोळसा कुणीतरी उचलून नेला.

१५ जानेवारी, शुक्रवार

बाटली परत आली.

सकाळी धुण्याच्या दगडावर माझी टोपली. पाव बदलून ताजे ठेवलेले. बाटली पुसलेली, बूच तसंच.

म्हणजे नाही. रीतीप्रमाणे नाही. रोमिनने शिकवलं असणार. म्हणे, ‘तिची खोलीच नाही, तर ती कशी पिणार, कुमाले? न पिता परत दिली, प्रामाणिक बाई आहे.’

प्रामाणिक! मग चार दिवस का ठेवली? मला वाटत राहिलं ना. सहा दिवस झाले. मोजता येत नाही मला रागात.

लोशाला सोमवारी सोडतील. रोमिन दोघींना घेऊन वाडीवर जाईल. मी गावच्या घरी. उपाशी घर, त्याला जेवण घालायची बाटली परत मिळाली, एवढंच काय ते. दोन चादरी माझ्या आहेत त्या घेईन. दगड नेता येणार नाही.

दोन्याची कॉफी आज तिच्या दारात ठेवली आणि निघून आले.

१६ जानेवारी, शनिवार

मी चादर पिळत होते. दोन्या आली. हातात टोपली. पाव, चॉकलेट, वर पोशची बाटली, तिची, नवी. धुण्याच्या ओल्या फरशीवर दुखरा गुडघा टेकला.

माझा हात बाटलीकडे गेलाच सवयीने! मागे ओढला. ‘आधी बोला,’ म्हटलं.

‘फाउस्तो बंगल्यात नाही नेणार मला. म्हाताऱ्यांच्या घरात नाव घातलंय तुश्त्लाला. एका खोलीत चौघी. तुझ्या घरी दोन खोल्या आहेत, पाश्कू. संडास बाहेर असला तरी चालेल मला.’

पावांच्या मध्ये ती पांढरी बाहुली ठेवलेली.

चादरीचं पाणी तिच्या हातांवर गळत होतं, तिने हात काढले नाहीत.

‘आज पिऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘तू घाईची आहेस. पण वीस तारखेला मला बाहेर काढतायत. त्याच्या आत सांग. पिणार, की परत देणार?’